भाविकाचं चिंध्यांचं पुस्तक

रविवार, ५ जानेवारी

ही वही खरी तापाची आहे. धुळ्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात सोनल मॅडम म्हणून एक बाई आहेत. त्या सुई टोचत नाहीत, औषध देत नाहीत, नुसत्या बोलतात, आणि तीच त्यांची नोकरी. मी सहासष्ट वर्षं फुकट बोलत आले. त्यांनी ही वही सुलक्षणाला दिली: ताप किती, उलट्या किती, पोर काय जेवली, रोज लिहायचं. सुलक्षणा माझी सून, जामनेरची, बारावी पास, अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं. तिने पुढून ताप लिहायला घेतला, तर मी म्हटलं मग मागून माझं लिही. मला एक अक्षर येत नाही, पण तोंड येतं.

तर लिही. माझं नाव कस्तुरा. पाचोऱ्याहून भडगावकडे जाताना आमचं गाव. लेक भूपेंद्र कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर आहे. त्याला एकच पोर, भाविका, साडेचार वर्षांची. तिच्या दोन्ही डोळ्यांत गाठ निघाली. उजवा डोळा मार्गशीर्षात काढला. डाव्यासाठी सलाईन चालू आहे. गाठ आटली तर तो राहील, नाही तर तोही काढतील.

मॅडमनी एक पुस्तक दाखवलं. बाहेरच्या देशातलं, पानापानावर काही तरी चिकटवलेलं. "आजी, न दिसणाऱ्या मुलांसाठी असतं हे. भाविकाला आत्ता दिसतंय तोवर बघत बघत हात लावू द्या. पुढे बोटांना आठवेल." मी मेंढीवर हात फिरवला. प्लास्टिकची मेंढी. आमच्या शिवारात ठेलारी धनगरांची मेंढरं बसतात, त्यांच्यातलं एकही इतकं गुळगुळीत नाही. मी म्हटलं, चाळीस गोधड्या शिवल्यात मी, हे पुस्तक म्हणजे पानापानांची गोधडी. मॅडम हसल्या. मी काही गंमत केली नव्हती.

बुधवार, ८ जानेवारी

पानं कापली. एक वीत रुंद, दीड वीत उंच. वरखाली माझं जुनं लुगडं आणि मध्ये भाविकाच्या आजोबांचं धोतर. ते जाऊन बारा वर्षं झाली, पण धोतर अजून मजबूत आहे. माणसापेक्षा कापड बरं निघालं.

सुलक्षणा म्हणाली, "आत्याबाई, अ आ इ कापून लावू या का?"

"जे मला जन्मात कळलं नाही ते तिच्या बोटाला काय कळणार? गाय करू."

"मुली शाळेत जातात आता."

"गाईला ओळखत नाही ती शाळेत जाऊन काय करणार?"

ती गप्प बसली. हिच्यात हा एक गुण आहे, गप्प बसते. हेही लिही. लिहिलंस ना?

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

तीन पानं झाली. गाय भूपेंद्रच्या तपकिरी पँटची, डोळ्याला काळं बटण. चांद चंदेरी फितीचा. मोर निळ्या पोलक्याचा, पिसाऱ्याला टिकल्या. धुळ्याहून माझी धाकटी बहीण भागाबाई आली होती. तिच्या घरी शिलाईचं दुकान आहे, पिशवीभर कापडं घेऊन आली. पान बघून म्हणाली, "बाई, जत्रेत मांडशील तर गर्दी होईल."

भाविकाने डावा डोळा पानाला अगदी टेकवला आणि ओरडली, "गाय शे! मोर शे! बठ्ठं शे!" सगळं सापडलं तिला.

तीळगूळ वाटला. मला दोन वाट्या जास्त खाव्याशा वाटल्या.

शुक्रवार, २४ जानेवारी

सलाईन झालं. चार दिवस उलट्या. पुढच्या बाजूला सुलक्षणाने आकडे लिहिलेत, मी बाकीचं सांगते. केस गेले. उशीवर झुपका दिसला तशी पोर म्हणाली, "मोठी माय, मांजर बसेल शे." मी म्हटलं हो, पिसं टाकून उडून गेली. "मांजरले पिसं ऱ्हातंस का, येडी!" एवढं बोलायला तिला तीनदा श्वास घ्यावा लागला.

झोपताना ती आईची वेणी मुठीत धरते. सुलक्षणाची वेणी गुडघ्याला लागते, माहेराहून आणलेली तीच एक मोठी वस्तू असं मी लग्नात म्हटलं होतं. आता ती बिचारी कूस बदलू शकत नाही. हलली की पोर जागी.

शनिवार, १ फेब्रुवारी

आज माझं नाक कापलं गेलं.

भाविकाला आंधळी कोशिंबीर खेळायची होती. धावायला अंगात जीव नाही, म्हणून बसल्या बसल्या. तिने माझा पदर माझ्याच डोळ्यांवर बांधला आणि पुस्तक मांडीवर ठेवलं. "वळख."

मी हात फिरवला. कापड, शिवण, बटण. पुढचं पान: कापड, शिवण, गुळगुळीत काही तरी. पुन्हा कापड.

"वळख ना व!"

"मोर?"

"चांद शे तो!" तिला इतकं हसू आलं की खोकला लागला. मग मी तिच्या डोळ्यांवर पदर धरला. हात फिरवून ती म्हणाली, "कापड शे." दुसऱ्या पानावर, "हाई बी कापड शे." तिसऱ्यावर हात नुसता टेकवला. पुस्तक बाजूला सारलं आणि आईची वेणी शोधायला लागली.

बाहेरच्या देशातल्या प्लास्टिकच्या मेंढीला मी नावं ठेवली. माझी गाय तर त्याहून वाईट. मी बघणाऱ्यासाठी पुस्तक केलं. एक महिना गेला, आणि महिने आमच्याकडे मोजकेच आहेत. तिन्ही पानं उसवली. धावदोरा घालायला तीन दिवस, उसवायला तास लागत नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

गोठ्यात गेले, डोळे मिटले, आणि गाईला हात लावला. शेजारच्या प्रेमराजने बघितलं आणि विचारलं, "अक्का, गाईची दृष्ट काढी ऱ्हायन्यात का?" मी म्हटलं, तुझी काढते, उभा राहा.

गाय डोळ्याला मोठी दिसते, पण हाताला ती मोठी नसतेच. हाताला आधी दावं लागतं. मग कान, आतून मऊ, बाहेरून केसाळ, मधेच झटका देणारा. मग नाक ओलं. मग तिने माझं मनगट चाटलं. खवणी. साठ वर्षं शेण काढलं, पण गाय कशी असते ते मला आज कळलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

गाईच्या पानावर आता गाय नाही. दाव्याचा तुकडा आहे, मखमलीचा दुहेरी कान आहे, एका बाजूने शिवलेला, म्हणजे लोंबतो. आणि खरखरीत पंच्याची जीभ. भाविकाचे डोळे झाकले. तिने दावं चाचपलं, कान ओढला, जिभेला हात लागला तसा मागे घेतला. "चाटस ती! गाय शे!"

कपाशीचं पान केलं. बोंडाचं वाळलेलं टरफल, टोकं बोचतात, आत कापूस. विहिरीचं पान म्हणजे लांब खिसा, हात कोपरापर्यंत आत जातो आणि तळाशी स्टीलचं झाकण गार लागतं. पप्पाचं पान: कामाच्या शर्टाची कॉलर आणि जिनिंगमधला लोखंडी वायसर, भोकाची चकती. भूपेंद्रने तो स्वतः घासून आणला, दिला आणि लगेच बाहेर निघून गेला. हल्ली हा घरात टिकतच नाही.

पण खरं भांडण उकळण्यावरून झालं. सलाईनमुळे पोरीच्या अंगात जंतूंशी लढायची ताकद नाही. सुलक्षणाने पानं कुकरमध्ये टाकली. गाईचं दावं, कापूस, कॉलर, सगळं एका डब्यात, तीन शिट्ट्या. मी म्हटलं डाळ पण टाक. लुगड्याचा रंग उतरला, कान आकसला, बोंड मोडलं. नवं बोंड लावायला मी बसले तर म्हणाली, "तेही उकळून देते." शिवायची मी, उकळायची ती. आमच्या घरात पहिल्यापासून असंच आहे.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

धुळ्याला नवा डॉक्टर होता. नवा डॉक्टर म्हणजे नवा कागद. "डोळ्यात पांढरं चमकतंय हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं?"

मी म्हटलं, "दिवाळीत."

सुलक्षणा खाली फरशीकडे बघत राहिली. आधीच्या डॉक्टरलाही मी दिवाळीच सांगितली होती.

आता लिही, आणि हात थांबवू नको. दिवाळीत नाही दिसलं. श्रावणात दिसलं. घरी आमची कानबाई देवी बसली होती. समया लागल्या होत्या, बाया गाणी म्हणत होत्या, भाविका माझ्या मांडीवर होती. तिने मान वळवली आणि उजव्या डोळ्यात पांढरा उजेड चमकला, मांजरीच्या डोळ्यात चमकतो तसा. मी ओरडले, आईने पोरीच्या डोळ्यात दिवा लावला! गाणं थांबलं. बायांनी तिच्या पायाला कुंकू लावलं. आठवडाभर बाया नारळ घेऊन येत होत्या आणि मी चिमणी पेटवून पोरीला मान वळवायला लावत होते. दाखव ग बाई तुझा दिवा.

दुसऱ्याच दिवशी सुलक्षणा म्हणाली होती, "आत्याबाई, पाचोऱ्याला एकदा दाखवू या." मी काय म्हटलं ते तिला पाठ असेल. मी म्हटलं, आईचं दान डॉक्टरला दाखवतात का? जामनेरकडे दाखवत असतील.

दिवाळीनंतर डोळा लाल झाला, तिरळा झाला, तेव्हा नेलं. डॉक्टर पहिल्यांदा म्हणाले होते की चार महिने आधी आणली असती तर. पुढचं ते बोलले नाहीत. चांगला माणूस.

सुलक्षणाने पेन ठेवलं आणि चुलीपाशी गेली. चहा केला. माझा माझ्यासमोर ठेवला. आता परत लिहिते आहे. काय लिहिते आहे ते तिलाच ठाऊक, मी थोडीच वाचणार.

शनिवार, ८ मार्च

गाठ आटली नाही. डावा डोळा वीस तारखेला काढायचा.

बारा पानं झालीत. अजून ज्वारीचं कणीस, कंगवा, पैंजण, सायकलची घंटी. झोप नको, उजेड पाहिजे.

बुधवार, १९ मार्च

धुळ्यात भागाबाईकडे उतरलो. उद्या सकाळी आठला. पुस्तक शिवून झालं, सोळा पानं, पाठीला दाभणाने सुतळी ओवली. बोट अडकवायला डाव्या कोपऱ्यात फासा. मी मनात ठरवलं होतं: आज दिवसभर एकेक पान, डोळ्याने बघायचं, बोटाने धरायचं, नाव घ्यायचं. सगळं एकदा शेवटचं.

पोरीने गाय बघितली, विहिरीत हात घातला आणि म्हणाली, "बस. माले मोबाईल दे. कार्टून देखनं शे."

"आधी पुस्तक."

"नही! कार्टून!"

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. भाविका तोंड वाकडं करून रडायला लागली आणि सुलक्षणा म्हणाली, "आत्याबाई, तिचा डोळा आहे." बस एवढंच.

तिने शेवटच्या डोळ्याने दोन तास कार्टून बघितलं. एक उंदीर आणि एक मांजर. उंदीर निसटला की खदखदून हसत होती. मी तिच्या पाठीमागे बसून कंगव्याचं पान पक्कं केलं, ते पक्कंच होतं.

गुरुवार, २० मार्च

काढला.

रविवार, ३० मार्च. पाडवा

घरी आलो. गुढी उभारली नाही असं लिही. नाही, उभारली असं लिही, भूपेंद्रने उभारली, पण कोणी बघितली नाही.

भाविका दहा दिवस पुस्तकाला हात लावत नाही. मांडीवर ठेवलं की फेकते. एकदा ते माझ्या कपाळाला लागलं, सायकलच्या घंटीचं पान. निदान मजबूत शिवलंय हे कळलं.

दुपारी ती म्हणाली, "मोठी माय, मना दिवा कोठे शे?"

"कुठला दिवा ग?"

"डोळामाना. कानबाईना. डॉक्टरनी काढी लिधा का?"

सुलक्षणा दारात तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपात तसाच राहिला. मी खोटं बोलणार होते. जिभेवर आलं होतं. मग म्हटलं, "तो दिवा नव्हता, बाई. दुखणं होतं. मोठी माय चुकली."

भाविकाने विचार केला. म्हणाली, "मंग कान धर."

धरले. तिचा विश्वास नाही. हात पुढे करून तिने माझं तोंड चाचपलं, गालावरून वर आली, दोन्ही कान खरंच धरलेत का ते बघितलं. बोट पाळीच्या फाटक्या भोकात गेलं. लहानपणी बाळी ओढली गेली होती, ते फाटलेलं. "तुना कान फाटेल शे!"

"हो."

"गाईना कान चांगला शे." आणि मग, "माले दे गाय."

पुस्तक दिलं. गाय, कपाशी, विहीर. संध्याकाळपर्यंत सगळी सोळा पानं झाली. पैंजण ओळखायला वेळ लागला. मी सांगितलं नाही.

शनिवार, ५ एप्रिल

धुळ्याहून चिठ्ठी आली. काढलेला डोळा तपासायला पाठवला होता, त्याचा निकाल. पान भरून छापलेलं. सुलक्षणाने वाचलं, "जखम भरत आहे. पुढच्या तपासणीला यावे." एवढंच.

मी म्हटलं, "पान भरलंय आणि दोन ओळी? बाकी काय, डॉक्टरच्या सासरचा पत्ता आहे?"

ती हसली नाही. चिठ्ठी घडी करून कपाटात, साडीखाली ठेवली. बाकीच्या चिठ्ठ्या ती खिळ्याला टोचून ठेवते.

बुधवार, ९ एप्रिल

शाळेचं पान करू या, असं मी म्हणाले. दप्तराची चेन, डब्याचं झाकण, खडू. जळगावला न दिसणाऱ्या पोरांची शाळा आहे, जूनमध्ये उघडते, सोनल मॅडमनी नाव सांगितलं होतं. सुलक्षणा म्हणाली, "राहू द्या आत्याबाई. सोळा पुष्कळ झाली." जी अ आ इ लावू या म्हणत होती तीच ही.

मी म्हटलं बरं, मग तुझं तरी पान करू. मी आहे, पप्पा आहे, गाय आहे, तुझंच नाही. काही तरी दे.

"मी कशाला पानात? मी तर तिच्याजवळच आहे."

रात्री भाविकाचं डोकं दुखलं. आठवड्यातून ही तिसरी वेळ.

गुरुवार, १७ एप्रिल

आज मी कपाट उघडलं, साडीखालून चिठ्ठी काढली आणि सुलक्षणापुढे ठेवली. सगळी वाच. डॉक्टरच्या सासरच्या पत्त्यासकट.

भूपेंद्र घरी होता. म्हणाला, "माय, तुले सांगीसन काय उपयोग?" मी म्हटलं, "माले सांगीसन कधीच उपयोग नव्हता. तरी वाच."

तिने वाचलं. इंग्रजी वाचायची, मग मराठीत सांगायची. गाठ डोळ्यामागच्या नसेतून डोक्यात गेली आहे. औषधाने बरी होणार नाही. डोकेदुखी कमी व्हावी म्हणून मशीनच्या किरणांचा शेक देता येईल, जळगावला, दहा वेळा. बाकी, पोरीला आराम वाटेल असं बघावं. किती दिवस हे लिहिलेलं नव्हतं. भूपेंद्रने फोनवर विचारलं होतं. गणपतीपर्यंत, किंवा त्याच्या आधी.

भाविका आत पुस्तक चाळत होती, घंटी वाजत होती.

मी सुलक्षणाला म्हटलं, "श्रावणात तू म्हणाली होतीस."

ती म्हणाली, "म्हणाले होते. मग तुमचं ऐकलं. मला एसटी माहीत होती, पाचोरा माहीत होतं, पोरीला कडेवर घेऊन निघता आलं असतं. बायांनी तिच्या पायाला कुंकू लावलं तेव्हा मलाही बरं वाटलं होतं, आत्याबाई."

हे तिने स्वतःच्या हाताने लिहिलं आहे. मी सांगितलं, लिही. ती म्हणाली, लिहिते.

शनिवार, २६ एप्रिल

काल जळगावला शेकाची तयारी होती. डोक्याचा जाळीचा मुखवटा करतात, तो घालून पोरीला मशीनखाली झोपवतात, दहा मिनिटं. दार बंद. आत कोणालाच थांबता येत नाही, आईलाही नाही. हललं तर शेक देता येत नाही, आणि रोज भूल द्यायला अंगात रक्त नाही.

भाविका दार बंद होईपर्यंत गप्प होती. मग अशी किंचाळली की बाहेर बाकावरचे बठ्ठे पेशंट उभे राहिले. "मम्मी! वेणी! वेणी दे!" तीनदा प्रयत्न केला. मशीनवरचे भाऊ भले होते, म्हणाले, सोमवार सोडून पुढच्या सोमवारी या, तोवर काही तरी समजवा. नाही जमलं तर मग शेक राहू द्या. डोकेदुखीच्या गोळ्या आहेतच. गोळ्या तिला किती पुरतात ते मला रोज ऐकू येतं.

आज सकाळी मी चुलीपाशी होते. सुलक्षणा आली आणि माझ्यासमोर वेणी ठेवली. गुडघ्याएवढी. मानेपाशी कापलेली, वरच्या टोकाला दोरा गुंडाळलेला. माझीच कापडाची कात्री.

आमच्यात सवाष्ण बाई केसाला कात्री लावत नाही. नवरा जिवंत असताना तर टोकंही नाही. मला पहिल्यांदा हेच आठवलं, आणि जीभ उचललीही होती. मग ती म्हणाली, "हे माझं पान."

भूपेंद्रने बायकोकडे बघितलं आणि गोठ्यात गेला. बराच वेळ गाईचाच आवाज येत होता.

मी कुकर मागितला. "उकळून घे. शिवते मग."

बुधवार, ३० एप्रिल. आखाजी

गावातल्या लेकी अक्षय्यतृतीयेच्या सणाला माहेरी आल्यात. लिंबाला झोके बांधलेत, गाणी चालू आहेत. भाविका दारात बसून ऐकते.

बाया सुलक्षणाच्या मानेकडे बघतात आणि मग माझ्याकडे. एकीने विचारलंच, "घरात कोणी वारलं का व?" मी म्हटलं, "नाही. कोणी विचारलं तर सांग, कस्तुराने सुनेला शहरातली फॅशन करायला लावली." ती गेली. गावभर सांगेल, सांगू दे.

वेणीचं पान झालं. वेणी तीन जागी टाक्यांनी धरली, पण खालची वीतभर मोकळी सोडली, मूठ मारायला. टाके लहान लहान घेतले. आजवर मी सुनेच्या केसांना असा हात लावला नव्हता. लग्नात तेल लावलं होतं तेवढंच.

सोमवार, ५ मे

पहिला शेक झाला.

पहाटेच्या बसने गेलो. मुखवटा घातला, पोटावर पुस्तक ठेवलं, फासा बोटात अडकवला. सुलक्षणाने तिचा हात नेऊन सतराव्या पानावर ठेवला. भाविका म्हणाली, "तू बाहेर शे ना?" "बाहेर आहे. दारालाच टेकून." दार बंद झालं.

बाहेर टीव्हीसारखा पडदा असतो, त्यात आतलं दिसतं. माझी नजर अधू, मला नुसती हिरवी चादर दिसत होती. सुलक्षणा मला सांगत होती. मूठ धरली. आता सोडली. आता हात वर आला, हवेत शोधतेय. मशीनवरचे भाऊ माईकमधून म्हणाले, "बेटा, हात खाली." मला वाटलं झालं, आता किंचाळेल. मी देवाचं नाव घेतलं नाही. घेऊ शकले नाही. सुलक्षणाने माझं मनगट धरलं होतं, अजून वळ आहेत.

"खाली आला," ती म्हणाली. "सापडलं."

मग मूठ सुटली नाही. दहा मिनिटं.

दार उघडलं, मुखवटा काढला. गालावर जाळीचे चौकोन उमटले होते. मी म्हटलं, वाघीण ग माझी! वाघिणीचं तोंड फुगलेलं. मी विचारलं, काय झालं, दुखलं का?

"नही."

"मग?"

"मम्मीनी वेणीले मम्मीना वास येस नही."

तीन शिट्ट्या दिल्या होत्या ना. कसा येणार.

सुलक्षणाने बसमध्येच टाके उसवले. मी म्हटलं, पुन्हा मलाच घालायचेत. ती म्हणाली, घाला. घरी आल्यावर तिने वेणीला तेल चोपडलं, गुंडाळी केली आणि पोलक्यात छातीशी ठेवली. लिहितानाही ती तिथेच आहे. जंतूंचं काय, असं मी विचारलं, तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच पान पुढे सरकवलं.

पहाटे चारला उठून टाके घालायचे. सव्वासहाची बस. नऊ शेक राहिलेत.